कोर्ट परत आणण्याचे दहा दिवस

आमच्या गावाचं कोर्ट गेलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. गाव म्हणजे न्यू जर्सीतली एक टाउनशिप, वेस्ट विंडसरहून गाडीने थोडं पुढे. आम्ही मराठी माणसं तिला सरळ गावच म्हणतो. टाउनशिपच्या इमारतीत तळमजल्यावर एक लांबट खोली होती, तिथे आठवड्यातून एकदा जज बसायचे. वेगाची तिकिटं, कुणाचा कुत्रा कुणाला चावला, कुणी पार्किंगवरून हातघाईवर आला, असली प्रकरणं. काउन्सिलने काटकसरीच्या नावाखाली एक ठराव केला आणि ही सगळी जबाबदारी चार गावांच्या सामाईक कोर्टाकडे सोपवून टाकली. ते कोर्ट सव्वीस मैलांवर. गावातल्या खोलीत आता सोमवारी योगा आणि बुधवारी ब्रिज.

कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या लोकांनी तर नाहीच नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आम्ही इकडे येताना लोणच्याच्या बरणीसारखं जपून सोबत आणलेलं. पायरीच उचलून नेली, तर बरंच झालं की.

मला राग आला तो काकूंमुळे.

काकू माझ्या आईची मैत्रीण. एकसष्ट वर्षांच्या. गावातल्या ज्येष्ठांच्या डे केअरची व्हॅन चालवतात. सकाळी आजी-आजोबांना घरोघरून उचलायचं, दुपारी परत सोडायचं. नवरा गेल्यावर त्यांनी हे काम धरलं आणि त्या कामाने त्यांना. एका सकाळी पोलिसाने त्यांना तिकीट दिलं. शाळेची बस मुलांसाठी लाल दिवे लावून उभी होती, अशा वेळी सगळ्या गाड्यांनी थांबायचंच असतं, तरी तुम्ही थांबला नाहीत, असा आरोप. काकूंचं म्हणणं, मी थांबले होते, दिवे बंद झाल्यावर निघाले. हे तिकीट घरबसल्या भरून सुटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. आणि गुन्हा लागला तर व्हॅन गेली. शाळेच्या बसला न थांबणाऱ्या बाईच्या हाती आपले म्हातारे आईवडील कोण देईल?

त्यात काकू हायवे घेत नाहीत. गावातली गल्ली न् गल्ली त्यांना पाठ आहे, बर्फात त्या आमच्यापेक्षा सफाईने गाडी काढतात, पण हायवेचं नाव काढलं की म्हणतात, "तिकडे माणसं चालवत नाहीत, भुतं चालवतात." त्यांच्यासारख्या मावश्या-काकू प्रत्येक गावात पाच-दहा तरी आहेत. त्यामुळे सव्वीस मैल म्हणजे त्यांना आतल्या रस्त्यांनी, सिग्नलमागून सिग्नल, दीड तास. पहिल्या तारखेला त्या वीस मिनिटं उशिरा पोचल्या. नाव पुकारून झालं होतं. घरी कडक भाषेचं पत्र आलं. दुसऱ्या तारखेला वेळेच्या तासभर आधी जाऊन बसल्या, तर तिकीट देणारा पोलीसच आला नाही. तिसरी तारीख पडली.

हे सगळं त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता सांगितलं, तक्रारीच्या सुरातही नाही. मी ओट्याला टेकून उभी होते आणि माझे कान तापत गेले.

मी त्याआधी दोन वर्षं जर्सी सिटीत भाडेकरूंच्या एका मोहिमेत काम करत होते. तिथे मला पत्रक लिहायला शिकवलं गेलं. एका पानावर एकच राग. पहिल्या ओळीत कुणाचं काय गेलं ते, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याने काय करायचं ते. विशेषणं नकोत. त्या दुपारीच मी पत्रक लिहिलं, इंग्रजीत आणि मराठीत. म्हटलं, राज्य कायदे करतं ते करू दे. पण सामान्य माणसाची आयुष्यात ज्या एका कोर्टाशी गाठ पडते, ते सगळ्यात खालचं कोर्ट त्याच्या गावाच्या ताब्यात असलं पाहिजे. आपला जज, आपली खोली, आपल्याला जमेल अशी वेळ. टाउनशिपने सोडलेली जबाबदारी टाउनशिपने परत घ्यावी.

आमच्याकडे यासाठी एक सोय आहे. गावातल्या पुरेशा मतदारांनी अर्जावर सह्या केल्या, तर काउन्सिलला त्या अर्जात मांडलेला ठराव एक तर मान्य करावा लागतो, नाही तर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर टाकावा लागतो. मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः उडी मारली. सह्या! सह्या गोळा करणं मला येतं.

पहिली सही काकूंची घ्यायची म्हणून अर्जाचं पॅड त्यांच्यापुढे धरलं, तर त्यांनी हात पदराआड घेतला. माझी केस चालू आहे, म्हणाल्या. त्यांच्याच कोर्टाविरुद्ध सही करू? मी समजावलं की जज हे अर्ज बघत नाही, त्याचा याच्याशी संबंधच नाही. त्या म्हणाल्या, "तुला कायदा माहीत असेल. मला माणसं माहीत आहेत." मी तेव्हा चिडले. पत्रकातली बाई पत्रकावर सही करत नाही, म्हणजे काय?

तरीही काम धडाक्यात सुरू झालं. किराणा दुकानाबाहेर, ट्रेन स्टेशनच्या पार्किंगमध्ये, वाचनालयापाशी. आणि मग आमच्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा आला. मिडल स्कूलच्या कॅफेटेरियात तीनशे माणसं, सगळी नटूनथटून, आणि त्यातली निम्मी तरी गावातली मतदार. मी दोन पॅड घेऊन दारातच उभी राहिले. मंडळाचे जुने अध्यक्ष, आम्ही सगळे ज्यांना नुसतं काका म्हणतो, ते मदतीला आले. रिटायर्ड इंजिनियर. चाळीस वर्षांपूर्वी इथे आले, गावातल्या प्रत्येक मराठी घराचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो हेही त्यांना माहीत. माझं पत्रक त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, कोर्टाची पायरी चढू नये हे खरं, पण पायरी कुठे आहे ते तरी ठाऊक असावं.

जेवणाची रांग संपत आली होती. काका म्हणाले, तू जा, मसालेभात संपेल, पॅड दे माझ्याकडे. मी दिलं.

परत आले तर दोन कागद गच्च भरले होते. नावं, पत्ते, सगळं ड्रॉइंग बोर्डावरच्यासारख्या सुंदर अक्षरात. मला इतका आनंद झाला की मी काकांना मिठीच मारली. घरी जाऊन प्रत्येक कागदाच्या तळाशी जे प्रतिज्ञापत्र असतं, त्यावर सही केली. त्यात लिहिलेलं असतं की वरची प्रत्येक सही माझ्यासमोर झाली. गठ्ठा अर्ज तपासणाऱ्या टाउनशिप क्लार्ककडे दिला आणि वाट पाहत बसले.

पत्र आलं. अर्ज अपुरा. काकांचे दोन्ही कागद पूर्ण बाद, शेरा एकच: सर्व सह्या एका हातच्या. ते धरले नाहीत तर आम्हाला एकशे बारा सह्या कमी पडत होत्या. कमतरता भरून काढायला दहा दिवस.

आधी मी क्लार्कवर भडकले. मनातल्या मनात तिच्याविरुद्ध पत्रकसुद्धा लिहायला घेतलं. मग कागद नीट पाहिले. काय झालं होतं ते कुठल्याही मराठी मंडळातल्या माणसाला एका नजरेत कळेल. आमच्याकडे जेवणाची यादी अशीच होते. घरातला एक जण सगळ्यांची नावं टाकतो, किंवा काका लांबूनच हाक मारतात, "तुमची चार पानं ना?" आणि समोरचा मान हलवतो. काकांनी अर्जाचं तेच केलं होतं. रांगेतल्या माणसांना विचारलं, कोर्ट परत हवं ना, नाव टाकतो हं. लोकांनी हातातली ताटं सांभाळत मान हलवली. खोटं काहीच नव्हतं. फक्त सही एकाचीही नव्हती.

माझ्या बाबांनीसुद्धा स्वतःची, आईची आणि माझी अशी तीन नावं टाकून घेतली होती. माझं! आणि त्याखाली शपथ माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी क्लार्कच्या खिडकीशी उभी राहिले. पांढऱ्या केसांची, चष्मा साखळीला लावलेली बाई. जुनं कोर्ट असताना त्याचे कागद तिनेच सांभाळले होते. ती कोऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहत राहिली. मी सांगायला सुरुवात केली की आमच्या समाजात पद्धत अशी असते की... तिने हात वर केला. प्रतिज्ञापत्रावर बोट ठेवून विचारलं, हे तू वाचलं होतंस का?

"वाचलं होतं," मी म्हटलं. "पाळलं नाही."

आयुष्यात मी इतकं छोटं भाषण कधी केलं नव्हतं. ती म्हणाली, मग तसं लिहून दे आणि ते दोन कागद मागे घे. मी तिथेच उभ्याने लिहिलं. चांगला जज, चांगलं कोर्ट, नियमाने वागणारी सत्ता असं महिनाभर ओरडत फिरत होते मी, आणि पहिली खोटी शपथ माझीच निघाली. त्या बाईने कागद घेतला, शिक्का मारला आणि म्हणाली, "दहा दिवस. आजचा धरून नाही." मला वाटतं ती किंचित हसली. नसेलही.

काकांना फोनवर सांगणं त्याहून जड गेलं. ते दुखावले. चाळीस वर्षं मंडळ असंच चाललंय, म्हणाले, कधी कुणी बोट दाखवलं नाही. मी फटकळपणे बोलून गेले, "काका, ही जेवणाची यादी नाही. इथे ज्याचं त्याने जेवायचं असतं." पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. आई म्हणाली, झालं तुझं? आता त्या सगळ्या घरांत तुला कोण आत घेणार?

संध्याकाळी काकांची ईमेल आली. एक तक्ता होता. गावातली सगळी घरं, कोण मतदार आहे, कोण कामावरून किती वाजता येतं, कुणाकडे कुत्रा आहे. खाली एक ओळ: प्रत्येकाला फोन केला आहे, स्वतः सही करायची, बायकोची बायको करेल.

मी तो तक्ता छापून घेतला आणि तशीच सुटले.

पण एकटीने गाडी चालवायची, पार्क करायची, दार वाजवायचं, परत यायचं, यात तासाला चार घरं होत होती. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी आटपून काकू आपली जुनी करडी गाडी घेऊन आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, सही नाही करणार, पण दुपारच्या फेरीपर्यंत गाडी चालवते, तू नुसती उतर. काय वेग आला मग! काकू रस्त्याच्या मधोमध गाडी हळू करत, मी दार उघडून धावत, त्या पुढच्या घराशी थांबलेल्या. कुठल्या रस्त्याला कुठे बोळ आहे, कुठल्या घराची घंटा बंद आहे, कुठल्या आजी दार उघडायला पाच मिनिटं घेतात, सगळं त्यांना माहीत. तासाला अकरा घरं. मी गाडीत बसल्या बसल्या ओरडत होते, काकू मला "पट्टा लाव आधी" म्हणत होत्या.

गमतीही झाल्या. एका दारात सातआठ वर्षांच्या मुलीने मला पाहून आत इंग्रजीत आरोळी ठोकली की कोर्टातून कुणीतरी आलंय. बाप हातात पाकीट आणि लायसन्स घेऊनच बाहेर आला, चेहरा उतरलेला. मी अर्ज समजावला तेव्हा त्याने दाराची चौकट धरून श्वास सोडला. पुण्याचा होता, अजून व्हिसावर. "यार, मला मतच नाही," म्हणाला. "चहा तरी घे." अशी किती घरं लागली! तिकीट मिळालं तर त्या सव्वीस मैलांवरच्या कोर्टात यांनीही जायचं, आणि ते कोर्ट कुठे असावं याच्यावर बोलायचं मात्र नाही. त्या माणसाने पलीकडच्या तीन घरांतले मतदार स्वतः बोलावून आणले. आम्ही त्याच्या पायऱ्यांवर बसून सह्या घेतल्या. प्रत्येक सही होताना मी पेनाच्या टोकाकडे बघत होते. तिथल्या एका मावशींनी विचारलंसुद्धा, "इतकी काय निरखतेस गं, परीक्षा आहे का?" म्हटलं, हो, माझी.

सातव्या दिवशी काकूंची तारीख होती. मी म्हटलं मी येते, हायवेने अर्ध्या तासात नेते. त्या म्हणाल्या, तुझा एक दिवस म्हणजे पन्नास घरं, तू दारं वाजव. पहाटेच उठून, आतल्या रस्त्यांनी, एकट्या गेल्या. व्हॅनला त्या दिवशी बदली ड्रायव्हर शोधून दिला होता. तोही दर वेळी मिळत नसे.

दुपारी मी अपार्टमेंटच्या आवारात होते. करडी गाडी येऊन थांबली. काकू उतरल्या नाहीत. मी काचेशी वाकले.

"हो म्हणून आले," त्या म्हणाल्या.

"कशाला हो?"

सरकारी वकिलाने बाहेर व्हरांड्यातच गाठलं होतं. म्हणाला, मोठा गुन्हा काढून टाकतो, त्याजागी एक लहानसा लावतो, चूक झाली म्हणा, आत्ता संपतं. नाही म्हणालात तर सुनावणी, पोलिसाला बोलवायचं, पुढची तारीख. काकूंनी विचारलं पुढची तारीख कधी, तर दीड महिन्याने. पुन्हा बदली ड्रायव्हर, पुन्हा दीड तास. जजसमोर उभं राहून चूक झाली म्हणाल्या. दोन मिनिटं लागली.

"आणि व्हॅन?"

"राहिली."

"मग सुटलात की काकू," मी म्हटलं. मला खरंच आनंद झाला होता.

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "मी थांबले होते गं," म्हणाल्या. "इतक्या लांब जाऊन मी न थांबल्याचं सांगून आले."

मग त्यांनी काचेतून हात बाहेर काढला. "दे ते पॅड इकडे."

सही करताना त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या नावासकट, आणि खाली रेघ मारली. मी नीट पाहिलं, माझ्यासमोर झाली. मग त्या गाडीतून उतरल्या. पुढचे तीन दिवस त्या नुसत्या गाडीत बसून राहिल्या नाहीत. प्रत्येक दारात मी तोंड उघडायच्या आत त्या बोलायच्या, काकांच्या यादीतल्या माणसांशी मराठीत आणि इतरांशी त्यांच्या इंग्रजीत, ज्यात क्रियापदं कमी आणि खरेपणा जास्त. माझ्या पत्रकातल्या पाच ओळी त्या एका वाक्यात सांगत: मी थांबले होते, पण ते सांगायला जाणं मला परवडलं नाही. एका गोऱ्या आजोबांनी सही करून झाल्यावर त्यांच्यासाठी सरबत आणलं आणि अर्धा तास आपल्या जुन्या तिकिटाची कहाणी सांगितली. मी घड्याळ बघत तडफडत होते. काकू म्हणाल्या, ऐकून घे, यांचंही कुणी ऐकलेलं नाही.

दहाव्या दिवशी ऑफिस बंद व्हायला दहा मिनिटं असताना आम्ही खिडकीशी पोचलो. एकशे एकोणचाळीस सह्या. क्लार्कने तळाची प्रतिज्ञापत्रं एकेक करून वाचली, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "प्रत्येक सही." ती म्हणाली, तपासून कळवते.

तीन दिवसांनी दुपारी फोन आला. अर्ज पुरेसा आहे. मी घरून डे केअरपर्यंत पळत गेले, गाडी काढायचंही सुचलं नाही. काकू व्हॅनमध्ये मंडळी बसवत होत्या. त्यांना सांगितलं, तर त्यांनी हातातली कुणाचीशी काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आतून आजोबा लोक विचारायला लागले, काय झालं, काय झालं. गावात कोर्ट येणार, मी ओरडून सांगितलं. एक आजी म्हणाल्या, बाई गं, कुणी काय केलं? मागच्या सीटवरच्या आजोबांनी विचारलं, जज मराठी असणार का? नसला तरी दुभाषा मिळेल, म्हटलं. ते म्हणाले, मग एकदा जाऊन भांडायला हवं. त्यांच्या बायकोने विचारलं, कुणाशी? "ते बघू," म्हणाले, "आधी कोर्ट तर येऊ दे."

काउन्सिलने ठराव स्वतःहून मान्य केला नाही. नोव्हेंबरात प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि आम्ही जिंकलो. थोडक्यात, पण जिंकलो. काकांनी मतदानाच्या दिवशी सकाळी आठपासून लोकांना फोन केले. प्रत्येकाने स्वतः यायचं, हे त्यांनी माझ्यादेखत तीनदा सांगितलं आणि माझ्याकडे तिरकं पाहिलं.

पहिलं सत्र गुरुवारी संध्याकाळी झालं. योगाच्या चटया भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या होत्या. मी पोचले तेव्हा काकू शेवटच्या बाकावर बसल्या होत्या, व्हॅनचं जॅकेट अंगातच. दारावरच्या अधिकाऱ्याने त्यांना विचारलं होतं, तुमची नोटीस कुठे? माझी केस नाही, त्या म्हणाल्या होत्या, पाहायला आलेय. पाहायला कुणालाही येता येतं.

पुढे एक तरुण उभा होता. लाल सिग्नल तोडल्याचं तिकीट. तो म्हणाला, मी तोडला नाही. जजने विचारलं, कुठला चौक? त्याने सांगितलं. नकाशा मागवला गेला. पोलीस पलीकडच्याच इमारतीत होता, तो पाच मिनिटांत चालत आला. दोघांचं म्हणणं झालं. काकू बाकाच्या टोकावर आल्या होत्या, ओठ हलत होते, जणू त्या मुलाला शब्द सुचवत होत्या. शेवटी निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

मी चरफडले. काकूंच्या कानात म्हटलं, हरला बिचारा.

"हरला," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुढेच ठेवून माझा हात दाबला. "पण बोलला ना. गप्प बस आता, पुढची केस लागतेय."